अंतराळयानातील जीवाणू : निर्मूलन की सहवास?

पृथ्वीचे वातावरण भेदून वर गेलेला मनुष्य हा विश्वाच्या अफाट पोकळीत सर्वस्वी एकटा असतो, ही कल्पना गेल्या साठ-सत्तर वर्षांतील अंतराळविषयक लेखनाने आणि चित्रपटांनी आपल्या मनावर इतकी खोल ठसविली आहे की, तिच्या सत्यासत्यतेविषयी शंका घ्यावी असे आपल्याला सहसा सुचतच नाही. १९६१ च्या एप्रिलमध्ये युरी गागारिन पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला तेव्हा यानात माणूस एकच होता हे खरे. परंतु त्याच्या आतड्यांत, तोंडात आणि त्वचेवर जी अगणित सूक्ष्म प्रजा नांदत होती तीही त्याच दिवशी, त्याच यानातून, पृथ्वीची प्रदक्षिणा करून आली. इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी २०१६ साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे प्रौढ मनुष्याच्या देहात त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी, तर जीवाणू सुमारे ३८ लाख कोटी असतात. आणि या साऱ्या जीवाणूंचे वजन केले तर ते जेमतेम दोनशे ग्रॅम भरते. माणूस ज्यातून गेला आहे असे एकही यान आजवर जीवाणूंवाचून गेलेले नाही आणि पुढेही जाणार नाही. म्हणून यानात जीवाणू असावेत की नसावेत हा प्रश्नच मुळात निरर्थक आहे. ते कोणते असावेत, कोठे असावेत, आणि त्यांच्यावर आपला अंमल कोणत्या तत्त्वाने चालावा, हे खरे प्रश्न होत. माझे प्रतिपाद्य थोडक्यात असे की, अंतराळयानातील जीवाणूंकडे आपण आजवर केवळ शत्रू म्हणून पाहिले, त्यांच्या सरसकट निर्मूलनाला स्वच्छता मानले, आणि दीर्घकालीन अंतराळवासाची सिद्धता करताना हीच दृष्टी सोडून देण्याची वेळ आता आली आहे.

या विषयाचा सर्वांत बोलका दाखला म्हणजे रशियाचे मीर हे अंतराळस्थानक. १९८६ च्या फेब्रुवारीत त्याचा पहिला भाग कक्षेत गेला आणि २००१ च्या मार्चमध्ये ते प्रशांत महासागरात बुडविण्यात आले. या पंधरा वर्षांत मॉस्को येथील जैववैद्यकीय संस्थेच्या नतालिया नोविकोवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील हवेचे, पाण्याचे व पृष्ठभागांचे जे नमुने तपासले त्यांत जीवाणूंच्या १०८ आणि बुरशीच्या १२६, अशा एकंदर २३४ जातींची नोंद झाली. खिडक्यांच्या काचांभोवती, तारांच्या आवरणांवर, यंत्रांच्या मागील कोपऱ्यांत बुरशीचे थर वाढले होते. त्यांच्यातून स्रवणाऱ्या आम्लांनी धातू झिजत होता आणि प्लास्टिक कुजत होते. १९९८ साली तेथे गेलेल्या अमेरिकी अंतराळवीरांनी भिंतींवरील फळ्या उघडल्या तेव्हा मागच्या अंधारात पाण्याचे मोठाले गोळे तरंगताना आढळले, आणि त्या गढूळ पाण्याचे नमुने पृथ्वीवर आणून तपासले असता त्यांत नाना प्रकारचे जीवाणूच नव्हेत, तर आदिजीव आणि धुळीतील सूक्ष्म किडेदेखील निघाले. ज्या पिंपासारख्या धातूच्या कवचाबाहेर जीवसृष्टीचा लवलेश नाही, त्याच्या भिंतींआड एक लहानसे डबके, त्यातल्या रहिवाशांसह, आपोआप तयार झाले होते.

हे डबके तयार कसे झाले, याची कारणपरंपरा ध्यानात घेण्याजोगी आहे; कारण तीच पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे. पृथ्वीवर हवा तापली की वर जाते, थंड झाली की खाली येते, आणि या अखंड अभिसरणामुळे खोलीतील ओल व उष्णता फार वेळ एका ठिकाणी साचून राहत नाही. भारहीन अवस्थेत वर आणि खाली हा भेदच उरत नसल्यामुळे पंखे जेथवर हवा खेळवितात तेथवरच ती खेळते; फळ्यांच्या मागे, केबलींच्या जुडग्यांत, पंख्यांच्या मर्यादेबाहेरच्या प्रत्येक कोपऱ्यात ती निश्चल राहते. माणसाच्या श्वासातून व घामातून निघालेली वाफ थंड भिंतीला लागून तिचे पाणी होते, आणि ते पाणी ओघळून जाण्याऐवजी पृष्ठताणामुळे जागच्या जागी गोळा होऊन वाढत राहते. त्वचेवरून सतत गळणारे सूक्ष्म कण जमिनीवर बसत नाहीत. ते तरंगत तरंगत त्याच ओल्या कोपऱ्याकडे जातात आणि तेथील जीवांचे अन्न बनतात. तात्पर्य, मीरवर जीवाणूंनी कोणतेही आक्रमण केले नव्हते. ओल, ऊब आणि अन्न या तिन्हींची सोय स्थानकाच्या बांधणीनेच करून ठेवली होती, आणि जेथे ही सोय असेल तेथे वस्ती होणे हा सृष्टीचा सर्वत्र चालणारा नियम आहे. दोष लावायचाच तर तो जीवाणूंच्या स्वभावाला लावण्याआधी आपल्या रचनेला लावला पाहिजे.

परंतु अंतराळयुगाच्या आरंभी आपले लक्ष दुसरीकडेच लागलेले होते. १९६९ साली अपोलो ११ चे तिघे अंतराळवीर चंद्रावरून परतले तेव्हा, चंद्रावरील एखादा अज्ञात जंतू पृथ्वीवर येईल या भीतीने, त्यांना चांद्र संपर्कापासून मोजलेल्या २१ दिवसांच्या विलगवासात ठेवण्यात आले आणि ह्यूस्टन येथे त्याकरिता स्वतंत्र प्रयोगशाळाच उभारण्यात आली. चंद्राकडून कोणताही जंतू आला नाही. उलट, प्रवासातील सगळे आजार माणसाने घरूनच नेले होते. १९६८ च्या अपोलो ७ मोहिमेत कप्तान वॉली शिरा यांना सर्दी झाली आणि ती यानभर पसरली. भारहीनतेत नाकातील स्राव वाहून जात नसल्यामुळे ती साधी सर्दीही असह्य ठरली. १९७० च्या एप्रिलमध्ये, अपोलो १३ च्या सुप्रसिद्ध अपघातानंतर पाणी जपून पिण्याची पाळी आलेल्या फ्रेड हेझ यांना मूत्रमार्गाचा संसर्ग होऊन ताप भरला. तो ज्या स्यूडोमोनास एरुजिनोसा या जीवाणूमुळे झाला, तो पृथ्वीवरील पाण्यात, मातीत आणि रुग्णालयांत सर्रास आढळणारा आहे. अपोलो १४ पासून उड्डाणापूर्वी अंतराळवीरांना इतरांच्या संपर्कापासून दूर ठेवण्याचा कडक नियम अमलात आला, तो या अनुभवांमुळेच. अंतराळातील जीवाणूंचा प्रश्न हा मुळात माणसाच्या स्वतःच्या सामानाचा प्रश्न आहे, एवढे तरी त्या दहा वर्षांनी सिद्ध केले.

मीरचा धडा घेऊनच आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाची व्यवस्था आखण्यात आली, आणि नोव्हेंबर २००० पासून तेथे अखंड मनुष्यवस्ती असूनही मीरसारखी अवस्था तेथे आलेली नाही, ही गोष्ट त्या व्यवस्थेच्या बाजूने निःशंकपणे सांगितली पाहिजे. तेथील हवा अतिसूक्ष्म गाळण्यांतून सतत फिरविली जाते. पिण्याच्या पाण्यात अमेरिकी विभागात आयोडिन व रशियन विभागात चांदीचे आयन मिसळून जंतूंना आळा घालतात. हवेत, पाण्यात आणि पृष्ठभागांवर किती जीवाणू चालतील याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत ती एका मिलिलिटरला ५० वसाहती अशी आहे. आठवड्यातून एकदा, बहुधा शनिवारी, अंतराळवीर हातात जंतुनाशक पुसणी घेऊन स्थानकाची साफसफाई करतात. महाविद्वान शास्त्रज्ञ असो वा लष्करातील अधिकारी, या कामातून कोणाचीही सुटका नाही. इतका चोख बंदोबस्त असूनही सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत जीवाणूंचे चिकट थर साचून नळ्या व झडपा तुंबण्याची तक्रार वेळोवेळी आलेलीच आहे. आणि जेथे मूत्र व घाम यांसह ९८ टक्के पाणी पुन्हा वापरात आणण्याची किमया २०२३ साली साधली गेली, तेथे तुंबलेली नळी ही किरकोळ अडचण म्हणता येत नाही.

या व्यवस्थेचे फळ काय, याचा आजवरचा सर्वांत तपशीलवार हिशेब २०२५ च्या फेब्रुवारीत ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथील विद्यापीठाचे रोडोल्फो सालिडो, रॉब नाइट व त्यांचे सहकारी यांच्यासाठी अंतराळवीरांनी स्थानकाच्या निरनिराळ्या दालनांतील पृष्ठभागांचे ८०३ नमुने गोळा केले होते. त्यांत मुख्यत्वे आढळले ते माणसाच्या त्वचेवरचे जीवाणू. जेवणाच्या जागी अन्नाशी निगडित, शौचकूपाच्या परिसरात मलमूत्राशी निगडित. आणि स्वच्छतेच्या द्रव्यांचे अवशेष सर्वत्र. माती, पाणी आणि वनस्पती यांच्या सहवासात राहणारे जे मुक्त जीवाणू पृथ्वीवरील घरांत दारा-खिडक्यांतून येत असतात, ते तेथे जवळजवळ नव्हतेच. म्हणजे स्थानक निर्जीव झाले नाही. ते केवळ दरिद्री झाले. वैविध्य गेले, आणि जे उरले ते माणसाच्या देहावरचे, किंवा सततच्या पुसण्याघासण्यातून तगून राहण्याइतके चिवट. या संशोधकांनीच असे सुचविले आहे की, बागेतील मातीत हात घालणे जसे प्रकृतीस हितकर असते, तसे काही हितकारक सूक्ष्मजीव बंदिस्त वस्तीत मुद्दाम आणण्याचा विचार व्हावा. सरसकट निर्मूलनाच्या धोरणाला त्याच्याच यशाने दिलेले हे उत्तर आहे.

आता प्रतिपक्षाची बाजू तिच्या पूर्ण सामर्थ्यानिशी मांडणे न्यायाचे होईल, कारण ती दुबळी मुळीच नाही. अंतराळात माणसाची रोगप्रतिकारशक्ती मंदावते; देहात वर्षानुवर्षे निपचित पडून असलेले कांजिण्या व तत्सम विकारांचे विषाणू पुन्हा जागे होऊन अंतराळवीरांच्या लाळेत उतरतात, हे सतीश मेहता व ड्युएन पिअर्सन यांच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. २००६ साली अटलांटिस यानातून नेलेला साल्मोनेला टायफिम्युरियम हा आतड्याच्या रोगाचा जीवाणू परतल्यावर उंदरांना देण्यात आला तेव्हा तो पृथ्वीवर वाढविलेल्या त्याच्या भावंडांपेक्षा सुमारे तिपटीने अधिक घातक ठरला, आणि त्याच्या १६७ जनुकांचे कार्य बदललेले आढळले. स्यूडोमोनास या जीवाणूने अंतराळात खांबांवर छत तोललेल्या मंडपासारखे थर रचले, तसे थर तो पृथ्वीवर रचीत नाही. आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या शौचकूपातून व व्यायामाच्या यंत्रावरून मिळालेला एन्टेरोबॅक्टर बुगांडेन्सिस हा जीवाणू अनेक प्रतिजैविकांना दाद देत नाही, आणि त्याचेच जातभाई टांझानियातील म्वांझा येथील रुग्णालयात नवजात अर्भकांच्या रक्तात प्रथम सापडले होते. मंगळाच्या वाटेवर, पृथ्वीपासून कोट्यवधी किलोमीटर अंतरावर, रुग्णालय नाही, परत फिरण्याची सोय नाही, औषधांचा साठा मोजका. अशा स्थितीत एकही जीवाणू शिल्लक ठेवू नये, असे एखाद्या वैद्याने बजावले तर त्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

तथापि या युक्तिवादाला पहिला अडथळा अशक्यतेचा आहे. १९७६ साली मंगळावर उतरलेली वायकिंग याने उड्डाणापूर्वी सुमारे ११२ अंश सेल्सिअस तापमानात तीसेक तास भाजून काढण्यात आली होती. यंत्राला हा संस्कार सोसतो, माणसाला सोसत नाही. माणसाचा देह हाच जीवाणूंचा अक्षय उगम असल्यामुळे तो यानात आहे तोवर पुसलेला प्रत्येक पृष्ठभाग काही तासांत पुन्हा वसणार. दुसरे असे की, संपूर्ण निर्मूलनाचा प्रयत्न हा नकळत निवडीचाच प्रयत्न ठरतो. अंतराळयाने ज्या अतिस्वच्छ दालनांत जुळविली जातात तेथेही जीवाणू सापडले आहेत. टर्सिकोकस फिनिसिस नावाची जात फ्लोरिडातील आणि फ्रेंच गयानातील अशा दोन दालनांत मिळाली. काही अॅसिनेटोबॅक्टर तर स्वच्छतेसाठी वापरलेल्या अल्कोहोलवरच गुजराण करू शकतात, असे राकेश मोगल यांच्या चमूने २०१८ साली दाखविले. जंतुनाशकाच्या प्रत्येक फटकाऱ्यागणिक नाजूक जाती नष्ट होतात, निर्ढावलेल्या उरतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर त्यांचाच हक्क प्रस्थापित होतो. ज्या धोरणाने दुर्बळांचा नाश आणि बंडखोरांचे पोषण होते, त्याला सुरक्षिततेचे धोरण म्हणणे हा विचारदोष आहे.

दुसरा मुद्दा याहून सखोल आहे, आणि तो साल्मोनेलाच्या त्याच प्रयोगातून निघतो. या प्रयोगाच्या प्रमुख, अॅरिझोना स्टेट विद्यापीठातील शेरिल निकरसन यांनी केवळ जीवाणू घातक झाला एवढ्यावर समाधान मानले नाही. तो का झाला, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला. भारहीन द्रवात जीवाणूच्या अंगाला घासून जाणारा प्रवाह अत्यंत मंद असतो, आणि असाच मंद प्रवाह आतड्याच्या आतील सूक्ष्म घड्यांतून असतो. त्यामुळे यानातील नळीत वाढणाऱ्या साल्मोनेलाला आपण यजमानाच्या आतड्यात शिरलो आहोत असा संकेत मिळत असावा, आणि तो रोग निर्माण करणारी आपली सारी यंत्रणा सिद्ध करीत असावा, असे त्यांचे अनुमान आहे. पुढे २००८ सालच्या उड्डाणात असे दिसून आले की, वाढीच्या द्रावणातील क्षारांचे, विशेषतः फॉस्फेटचे, प्रमाण बदलले असता त्याची ही वाढलेली घातकता आटोक्यात येते. जीव तोच, अंतराळ तेच. द्रावण बदलताच स्वभाव बदलला. जीवाणूची दुष्टता हा त्याचा जन्मसिद्ध गुण नसून त्याच्या परिस्थितीचे ते एक फलित आहे, आणि परिस्थिती घडविणे आपल्या हाती आहे, एवढा मोठा सिद्धांत या लहानशा प्रयोगात साठविलेला आहे. ज्याच्या हाती परिस्थिती आहे त्याने केवळ संहाराची शस्त्रे परजीत बसणे, हे सामर्थ्याचे नव्हे, विचारशून्यतेचे लक्षण होय.

तिसरा मुद्दा समाजाचा आहे. आपण जीवाणूंची गणना एकेकट्याने करतो, परंतु ते एकेकटे कधीच राहत नाहीत. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील कार्तिक रामन आणि कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेतील कस्तुरी वेंकटेश्वरन यांच्या चमूंनी स्थानकावरील जीवाणूंच्या परस्परसंबंधांचा जो अभ्यास केला, त्यात न्यूमोनियाला कारण होणारा क्लेबसिएला हा जीवाणू काही शेजाऱ्यांच्या, विशेषतः पँटोइया कुलातील जीवाणूंच्या, वाढीस साहाय्य करतो आणि अॅस्परजिलस या उपद्रवी बुरशीची वाढ मात्र रोखतो, असे आढळले. बुरशीवरचा हा परिणाम प्रत्यक्ष प्रयोगानेही पडताळला गेला. ज्याला आपण निखालस वैरी समजतो तोच दुसऱ्या वैऱ्याला हद्दीत ठेवीत असेल, तर पहिल्याचा बीमोड करण्यापूर्वी त्याच्या जागी कोण येईल याचा विचार करणे भाग आहे. शिवाय स्थानकावरचा प्रत्येक जीवाणू अंतराळात जाऊन राक्षस बनतो अशीही वस्तुस्थिती नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील एरिका हार्टमन यांच्या गटाने २०१९ साली तेथील स्टॅफिलोकॉकस ऑरियस व बॅसिलस सेरियस यांच्या जनुकसंचांची पृथ्वीवरील जातभाईंशी तुलना केली, तेव्हा त्यांच्यातील बदल नव्या ठिकाणी तगून राहण्यापुरतेच दिसले. अधिक घातक किंवा अधिक औषधरोधी होण्याकडे त्यांचा कल आढळला नाही. भीतीला आधार आहे. सरसकट भीतीला नाही.

मग करावे काय? येथे केवळ तत्त्वाची घोषणा पुरेशी नाही. कारभाराची तजवीज सांगितली पाहिजे. पहिली तजवीज बांधणीची : जेथे हवा पोहोचत नाही असा कोपरा, जेथे वाफेचे पाणी होईल अशी थंड भिंत, जेथे हात पोहोचत नाही अशी नळी, या तिन्ही गोष्टी आराखड्यातच टाळल्या तर पुढची निम्मी लढाई लढावीच लागणार नाही. दुसरी तजवीज ज्ञानाची. पूर्वी नमुने पृथ्वीवर आणून तपासण्यात महिने जात. २०१६ च्या ऑगस्टमध्ये केट रुबिन्स यांनी तळहाताएवढ्या उपकरणाने स्थानकावरच डीएनएचे वाचन केले आणि पुढल्याच वर्षी पेगी व्हिटसन यांनी तेथे वाढलेल्या जीवाणूंची ओळख तेथल्या तेथे पटविली. आपल्या वस्तीत कोण राहतो हे रोजच्या रोज कळू लागले, म्हणजे अंदाधुंद फवारणीचे प्रयोजन बरेचसे संपते. तिसरी तजवीज, आणि सर्वांत वादग्रस्त, ती निवडीची : काही जीवाणू आपण होऊन, विचारपूर्वक, बरोबर नेणे.

ही कल्पना ऐकताना जितकी धाडसी वाटते तितकी ती नवी नाही. आपल्या घराघरांतून रात्री दुधाला विरजण लावणारी गृहिणी जीवाणूंचे राज्य याच तत्त्वाने चालवीत आली आहे : ती दूध निर्जंतुक ठेवण्याचा अट्टहास धरीत नाही, आपल्या विश्वासातल्या जीवाणूंना ती आधी जागा देते, आणि ते दुधात आम्लता आणून नासविणाऱ्यांचा शिरकाव अवघड करून ठेवतात. अंतराळातही या दिशेने पहिली पावले पडली आहेत. २०१५ च्या ऑगस्टमध्ये स्थानकावर वाढविलेल्या लेट्यूसची पाने अंतराळवीरांनी खाल्ली. २०२० च्या मार्चमध्ये तेथे तीस दिवस ठेवलेल्या सोयाबीनच्या मिसोचे आंबवण यशस्वी झाले, आणि परत आणल्यावर त्याची चवही घेण्यात आली. वनस्पतींच्या मुळांभोवतीचे, आंबविलेल्या अन्नातले आणि निरोगी आतड्यातले जीवाणू ही मानवी वस्तीची जुनी, पारखलेली प्रजा आहे. वर्ष-दोन वर्षांच्या प्रवासावर निघालेल्या मंडळींना तिच्यावाचून पाठविणे, ही काळजी नसून हेळसांड ठरेल.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, पृथ्वीवर निरुपद्रवी असलेला जीव किरणोत्सर्गाच्या माऱ्यात, दुर्बळ झालेल्या माणसाच्या सहवासात, निरुपद्रवीच राहील याची हमी कोण देणार? हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, आणि त्यामुळेच उद्याच्या यानात मूठभर माती नेऊन टाकावी असे माझे म्हणणे नाही. प्रत्येक निवडलेल्या जातीची आधी पृथ्वीवरील बंदिस्त वस्तीत, मग कक्षेतील वेगळ्या दालनात, दीर्घकाळ पारख व्हावी. संशय येताच ती काढून घेता यावी. आणि पुराव्याचा भार ती नेऊ पाहणाऱ्यावरच असावा. परंतु एक गोष्ट आक्षेपकानेही मान्य केली पाहिजे : आपण निवड केली नाही म्हणजे निवड होत नाही, असे नाही. आज ती जंतुनाशकाची पुसणी करीत आहे, गाळणीची छिद्रे करीत आहेत, भिंतीमागची ओल करीत आहे. या आंधळ्या निवडीची जबाबदारी कोणाच्याच नावावर नाही, म्हणून ती निर्दोष ठरत नाही.

मंगळाचा प्रश्न उपस्थित झाला की या विचाराला एक नैतिक बाजूही प्राप्त होते. १९६७ च्या अंतराळ कराराच्या नवव्या कलमाने इतर ग्रहांचे हानिकारक दूषण टाळण्याचे बंधन राष्ट्रांवर घातले आहे. माणूस मंगळावर उतरला तर त्याचे जीवाणूही तेथे उतरणार, हे आपण वर पाहिलेच. म्हणून जेथे पाण्याची, आणि पर्यायाने जीवसृष्टीची, शक्यता आहे असे प्रदेश माणसासाठी वर्ज्य ठेवणे आणि तेथे केवळ निर्जंतुक यंत्रे पाठविणे, हा नियम मला अपरिहार्य वाटतो. पण याच्याच जोडीला यानातील सूक्ष्म प्रजेचे बारकाईने ठेवलेले दप्तर असले पाहिजे. मंगळाच्या मातीत उद्या एखादा जीव सापडला, तर तो तेथला की आपल्याबरोबर गेलेला, याचा निवाडा त्या दप्तरावाचून करता येणार नाही. सर्व्हेयर ३ या यानाच्या चंद्रावरून परत आणलेल्या कॅमेऱ्यात स्ट्रेप्टोकॉकस आढळला, तो तेथे अडीच वर्षे तगला असे कित्येक दशके सांगितले गेले, आणि तो बहुधा पृथ्वीवर नमुना हाताळतानाच मिसळला असावा असे पुढे दिसून आले. असा घोटाळा मंगळाच्या बाबतीत झाला, तर मानवजातीच्या सर्वांत मोठ्या प्रश्नाचे उत्तर कायमचे गढूळ होऊन बसेल.

आपल्या देशाला या चर्चेत केवळ श्रोत्याची भूमिका घेऊन चालणार नाही. अंतराळस्थानकावर चाळीस महिने काम केलेल्या एका गाळणीत मिळालेल्या नव्या जीवाणूला २०१७ साली सोलिबॅसिलस कलामी हे नाव अब्दुल कलाम यांच्या गौरवार्थ देण्यात आले. २००५ साली हैदराबादहून सोडलेल्या फुग्याने ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणले. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या प्रयोगातील जीवाणूंची तपासणी हैदराबादप्रमाणेच पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातही झाली, आणि त्यांतल्या तीन जाती विज्ञानाला नव्या ठरल्या. २०२५ च्या जून-जुलैत शुभांशु शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय स्थानकावर मूग-मेथीच्या अंकुरांपासून नील-हरित जीवाणूंपर्यंतचे प्रयोग केले. २०३५ पर्यंत भारताचे स्वतःचे अंतराळस्थानक उभारण्याचा संकल्प सोडला गेला आहे. सूक्ष्मजीवांचे ज्ञान आपल्याकडे आहे, ते जाणणारी माणसे आहेत, आणि स्थानकाचा आराखडा अद्याप बदलता येण्याजोगा आहे. हा तिहेरी योग पुन्हा येणार नाही, कारण कक्षेत गेलेल्या भिंतीची ओल मागाहून दूर करणे किती दुष्कर असते, हे मीरने पंधरा वर्षे दाखविले आहे.

म्हणून या स्थानकाचा आराखडा आखणाऱ्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला त्यांनी तक्रार आल्यावर बोलावण्याचा तपासनीस न समजता पहिल्या दिवसापासून अभियंत्यांच्या बरोबरीने बसवावे. हवेचा प्रवाह, भिंतींचे धातू, पाण्याच्या नळ्या आणि स्वयंपाकाची जागा यांविषयीचा एकही निर्णय त्याच्या संमतीवाचून घेऊ नये. आणि ‘स्थानकावर किती जीवाणू आहेत’ या एकाच प्रश्नाऐवजी ‘ते कोणते आहेत आणि का आहेत’ असा प्रश्न दर आठवड्याच्या अहवालात विचारला जाईल, असा नियम करावा. हे तिन्ही निर्णय स्थानकाचा पहिला भाग बांधावयास घेण्यापूर्वीच झाले पाहिजेत. त्यानंतर ते घेण्याची किंमत अंतराळवीरांच्या प्रकृतीने मोजावी लागेल.